वाचनालयाच्या स्कॅनिंग सर्व्हरची नोंदवही, जून-जुलै २०२५

२ जून २०२५, सोमवार

आजपासून वाचनालयाच्या माडीवर बसतोय. इथे जुने खंड स्कॅन होतात. तक्रार एकच, सामायिक फाईल सर्व्हर संथ आहे. महिनाभरात विश्वस्तांना सांगायचंय की पैसे मेमरीवर घालायचे की नेटवर्कवर. त्यांच्याकडे कोटेशन आलेलं आहे: ६४ जीबी रॅम, दहा गिगाबिटचा स्विच आणि सगळ्या खोल्यांचं नवं केबलिंग. वाचनालयाच्या मानाने रक्कम मोठी आहे, म्हणून आधी मोजमाप करायचं ठरवलं.

मांडणी अशी. तीन टेबलांवर तीन स्कॅनर, त्यांना विंडोजचे संगणक. तपासणीला दोन संगणक, तेही विंडोजचे. अक्षरओळखीचं, म्हणजे ओसीआरचं यंत्र वेगळं. त्यावर लिनक्स, आठ प्रोसेस एकावेळी टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा प्रोग्राम चालवतात. विंडोजवाले सर्व्हरशी सांबातून बोलतात, ओसीआरचं यंत्र एनएफएसमधून; दोन्ही नेटवर्कवरून फाईल वापरण्याच्या सोयी. सर्व्हर म्हणजे डेबियन १२ हे लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप. ४ जीबी रॅम, मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तेच लिहिलं जातं), आणि एक गिगाबिटचं पोर्ट.

आता पानाचा हिशोब. ए४ आकाराचं पान, ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), २४ बिट रंग: ३३०७ गुणिले ४६७७ पिक्सेल, प्रत्येकाला तीन बाइट. म्हणजे ४६.४ एमबी. स्कॅनची मूळ प्रत दाबून लहान (कॉम्प्रेस) करायची नाही हे आधीच ठरलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. कागद जीर्ण, त्यामुळे काम सावकाश चालतं. एका टेबलावर दिवसाला साधारण ३०० पानं, तिन्हींची मिळून ९००, म्हणजे रोजचे ४२ जीबी. सहा तासांवर पसरले तर सेकंदाला २ एमबीसुद्धा होत नाहीत. गिगाबिटच्या तारेतून हेडर वजा जाता सेकंदाला ११७-११८ एमबी जातात.

सरासरी पाहिली तर इथे काहीच कमी नाही. पण घड्याळ लावून पाहिलं तर एक पान सेव्ह व्हायला पहिल्या दोन टेबलांवर २ सेकंद, तिसऱ्यावर ४, आणि दुपारी दोननंतर सगळीकडे १० ते १५. तेवढा वेळ स्कॅन करणाऱ्या ताई दोन्ही हातांनी खंड उघडा धरून उभ्या असतात. हेच मला खटकलं. स्कॅनिंगचं काम सरासरीने होत नाही, पान एकदम येऊन आदळतं आणि त्या क्षणी सर्व्हर मोकळा असावा लागतो.

४ जून, बुधवार

तिसरं टेबल. वेग सेकंदाला ११ एमबीवर अडकलेला. हा आकडा दिसला की पहिला संशय १०० मेगाबिटचा, कारण आठ बिटांचा एक बाइट, त्याचं गणितच तिथे संपतं. विंडोजच्या ॲडॅप्टरच्या खिडकीत पाहिलं तर १००च. १०० मेगाबिटला तारेतल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी जोडी तुटली तर कार्ड आणि स्विच खालच्या वेगावर समजुतीने येतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत.

भिंतीवरचा सॉकेट उघडला. तपकिरी जोडीतली एक तार खाचेतून निसटलेली होती. पुन्हा पंच केली, म्हणजे खाचेत दाबून बसवली. आता तिसरं टेबलही २ सेकंदांवर.

नवं केबलिंग ज्या टेबलामुळे कोटेशनमध्ये आलं होतं, त्याला पाच मिनिटं आणि पंचिंग टूल पुरलं. उरलेले सगळे सॉकेट केबल टेस्टरने तपासले, ठीक आहेत.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. ताई दुपारनंतर येणार, त्यामुळे सकाळभर सर्व्हर माझ्या ताब्यात.

आयपर्फ हे तारेचा वेग मोजणारं साधन लावून दोन्ही दिशा मोजल्या. ९४१ मेगाबिट, तार पूर्ण भरते. त्याच तारेवर सांबातून मोठी फाईल ढकलली तर सेकंदाला २४ एमबी. म्हणजे नेटवर्क चांगलं आहे, डिस्कही चांगली आहे (सर्व्हरवर बसून लिहिलं तर १५०च्या पुढे), आणि मध्येच कुणीतरी गळा आवळतंय.

सांबाची कॉन्फिग फाईल वाचताना सापडलं. सॉकेट ऑप्शन्सच्या ओळीत पाठवायचा आणि घ्यायचा, दोन्ही बफर (वाटेतला डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) ८१९२ बाइटला बांधलेले. ही ओळ वर्षानुवर्षं एका कॉन्फिगमधून दुसऱ्यात उतरवली जाते. एके काळी तिचा उपयोग होता. आज लिनक्स टीसीपीचा (नेटवर्कवर डेटा पोचवण्याच्या पद्धतीचा) बफर गरजेप्रमाणे आपणच वाढवतो, घेण्याच्या बाजूला ६ एमबीपर्यंत. पण ही ओळ लिहिली की ती सोय बंद पडते आणि आकडा आहे तिथे गोठतो.

परिणाम कागदावर काढता येतो. समोरच्याला एकावेळी ८ केबीच पाठवायची मुभा, मग पोचपावतीची वाट. आमच्या तारेवर जाऊन यायला ०.३ मिलिसेकंद लागतात. ८१९२ भागिले ०.०००३ म्हणजे सेकंदाला २७ एमबी. मोजलेले २४ त्याला धरूनच आहेत. उलट हिशोबही केला: गिगाबिट भरायला किती बाइट वाटेत असावे लागतात? १२५ एमबी गुणिले ०.३ मिलिसेकंद, म्हणजे ३७.५ केबी. एवढीशीच मेमरी लागते. एका इमारतीत बफरचे आकडे एमबीत नेऊन काही मिळत नाही. त्यांची गरज लांबच्या जोडणीला. १०० मेगाबिट आणि ४० मिलिसेकंदांची वाट असेल तर ५०० केबी.

ओळ काढली, सांबा पुन्हा सुरू केला. सेकंदाला १०८ एमबी. पान अर्ध्या सेकंदात.

१२ जून, गुरुवार

सकाळी सगळं छान. दुपारी दोनला पुन्हा १२ सेकंद.

आयओस्टॅट, म्हणजे डिस्क किती गुंतली आहे ते दाखवणारं साधन, लावून बसलो. दोननंतर दोन्ही डिस्क शंभर टक्के गुंतलेल्या आणि एका मागणीला सरासरी ८०-९० मिलिसेकंद. ७२०० फेऱ्यांची डिस्क मिनिटाच्या हिशोबातून सेकंदावर आणली तर १२० फेऱ्या. अर्धी फेरी ४.२ मिलिसेकंद, त्यात डोकं सरकायला आठेक. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला साधारण ८० मागण्या. सलग वाचताना हीच डिस्क दीडशे एमबी देते. तिला दहा ठिकाणी धावायला लावलं की ती थकते.

धावायला कोण लावतंय? दोघं. एक, ओसीआरची स्क्रिप्ट दुपारी दोनला सकाळच्या ४५० पानांचा गठ्ठा घेऊन सुरू होते, आठ प्रोसेस आठ जागांहून वाचतात. दुसरं मला अपेक्षित नव्हतं. तपासणीच्या संगणकावर दिवसाचं फोल्डर उघडतात आणि विंडोज छोटी चित्रं दाखवू लागतो. छोटं चित्र बनवायला त्याला मूळ फाईल वाचावी लागते. ३०० फाईल, प्रत्येकी ४६.४ एमबी, १४ जीबी. गिगाबिटची अख्खी तार दोन मिनिटं, आणि समोर दिसतात टिकलीएवढी चित्रं. तपासणीला दोघं बसतात, म्हणजे हे दोनदा.

मेमरीचा प्रश्न इथे बँडविड्थला येऊन मिळतो. सर्व्हरची मोकळी मेमरी लिनक्स पेज कॅश म्हणून वापरतो. नुकतं लिहिलेलं पान तिथे राहतं आणि लगेच कुणी मागितलं तर डिस्कला हात न लावता मिळतं. आमच्याकडे या कामाला जेमतेम ३ जीबी, म्हणजे ६५ पानं. त्यातून १४ जीबीचा लोंढा गेला की सकाळची पानं बाहेर फेकली जातात आणि ओसीआरला प्रत्येक पान डिस्कवरून काढावं लागतं.

१३ जून, शुक्रवार

एका विश्वस्त काकांचा फोन. त्यांनी पूर्वीचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता: मोकळी मेमरी १४० एमबी. "४ जीबीतले १४० उरलेत, मग मेमरी कमीच आहे ना?" प्रश्न रास्त आहे, ते वाचून बहुतेकांना असंच वाटतं. त्यांना सांगितलं की काका, त्या ओळीत शेवटचा रकाना बघायचा, अव्हेलेबल नावाचा. तो २.९ जीबी होता. मोकळी पडलेली मेमरी वापरात घेतली म्हणून 'फ्री' कमी दिसते; कुणाला लागली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कॅशमधून काढून देतो. प्रोसेसना स्वतःला लागते ती फारच थोडी. सांबा प्रत्येक जोडणीमागे एक प्रोसेस उघडतो, इथे पाच जोडण्या, मिळून शंभर एमबीच्या आतच. एनएफएसचे धागे (एकावेळी मागण्या उरकणारे) आठ, प्रत्येकी १ एमबीच्या आतला बफर.

म्हणजे खरा प्रश्न "मेमरी भरली का" हा नाहीच. पान लिहिल्यापासून पुन्हा वाचेपर्यंत मध्ये किती जीबी वाहून जातात, तो आकडा हवा. त्याहून कॅश मोठी असेल तर डिस्क शांत राहते. सध्या सकाळी दहाचं पान दुपारी दोनला वाचतात, मध्ये २० जीबीहून जास्त. म्हणून कुणीतरी ६४ सुचवले असावेत. पण आकडा दोन्ही बाजूंनी हलवता येतो. मेमरी वाढवता येते, तसं मधलं अंतरही कमी करता येतं.

१७ जून, मंगळवार

वाईट दिवस. सकाळपासून मुसळधार, ११ वाजून काही मिनिटांनी वीज गेली. यूपीएसने दोन सेकंदही धरलं नाही, बॅटरी मेलेली होती. ती मी पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती.

सर्व्हर वर आल्यावर पाहिलं तर शेवटच्या चार फाईल शून्य बाइटच्या. नाव आहे, आत काही नाही. कारण समजण्यासारखं आहे. सांबाने पान घेतलं, मेमरीत ठेवलं आणि विंडोजला "झालं" म्हणून सांगितलं. लिनक्स असं न उतरवलेलं लिखाण ३० सेकंदांपर्यंत मेमरीत ठेवू शकतो, आणि ईएक्सटी४ ही डिस्कवर फाईल मांडणारी व्यवस्था तर डिस्कवरची जागाही शेवटी नेमते. वीज गेली की ते सगळं हवेत.

चार पानं म्हणजे आकड्यात काहीच नाही. पण ती १९३४च्या एका मासिकाच्या बांधीव खंडातली होती. ताईंनी खंड पुन्हा काढला, सावकाश उघडला, आणि एका पानाचा खालचा कोपरा सुटून टेबलावर पडला. ग्रंथपाल बाईंनी तो चिमट्याने उचलून पाकिटात ठेवला, पाकिटावर पान क्रमांक लिहिला. मला म्हणाल्या, "अरे, हा खंड आणखी एकदा उघडेल, फार तर दोनदा. तुझ्या यंत्राला तेवढं सांग."

आज वेगाचं काम बंद.

१९ जून, गुरुवार

दोन दिवस यावरच. ठरलं ते असं: पान डिस्कवर गेल्याची खूण टेबलावर दिसल्याशिवाय पान उलटायचं नाही.

पहिलं, न उतरवलेल्या लिखाणाची मर्यादा. मुळात ती मेमरीच्या टक्क्यांत असते: १० टक्के साठलं की मागे लिहायला सुरुवात, २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच थांबवायचं. यात एक खोच आहे. रॅम वाढवली की टक्क्यांमुळे हा साठाही आपोआप वाढतो. १६ जीबीवर ३ जीबीपर्यंत पानं नुसती मेमरीत, आणि ती एकदम उतरायला लागली की डिस्क वीस सेकंद कुणालाच दाद देत नाही. म्हणून टक्के काढून बाइटमध्ये लिहिलं: ६४ एमबीला मागचं लिखाण सुरू, ५१२ एमबीला थांबवायचं, आणि जास्तीत जास्त वय ३० ऐवजी ५ सेकंद. डिस्क आता दिवसभर थोडं थोडं लिहीत राहते.

दुसरं, हिरवी खूण. सर्व्हरवर छोटी स्क्रिप्ट. फाईल बंद झाली की तिच्यावर एफसिंक करते (ती डिस्कवर उतरवायला लावते), शा-२५६ची बेरीज (फाईल बदलली नाही हे ताडायचा आकडा) काढते, नोंदवहीत ओळ लिहिते. टेबलावरच्या ब्राउझरमध्ये त्या पानाचं नाव हिरवं होतं. तारेवरचा अर्धा सेकंद, डिस्कचा आणि बेरजेचा मिळून आणखी तेवढाच किंवा थोडा जास्त. सरासरी १.२ सेकंद येतायत. ताईंना विचारलं, चालेल म्हणाल्या.

बेरीज सर्व्हरवरच काढतो हे मुद्दाम. आधी ती तपासणीच्या संगणकावर काढत, म्हणजे प्रत्येक पान नुसत्या बेरजेसाठी तारेवरून परत यायचं.

एका मित्राने सुचवलं होतं की एनएफएसची शेअर (सामायिक फोल्डर) असिंक कर, पळायला लागेल. पळेलही. असिंकमध्ये सर्व्हर डिस्कवर काही गेलेलं नसतानाच क्लायंटला "लिहिलं" म्हणतो. आपल्याकडे एनएफएसवरून लिहायची फक्त ओसीआरची मजकूर-फाईल, तिला सिंकमध्ये ३० मिलिसेकंद लागतात आणि ते पान ओळखायला ४० सेकंद. ४० सेकंदांतले ३० मिलिसेकंद वाचवायला खोटं कबूल करायचं नाही. सिंकच राहील. मूळ प्रतींची शेअर ओसीआरच्या यंत्राला आता फक्त वाचायला दिली आहे.

यूपीएसला नवी बॅटरी. बॅटरी कमी झाली की सर्व्हर आपणहून बंद व्हावा म्हणून नट हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवला, प्लग ओढून तीनदा पाहिलं.

२४ जून, मंगळवार

ओसीआरचा क्रम बदलला. दुपारचा गठ्ठा बंद. हिरवं झालेलं पान लगेच रांगेत जातं. आठ प्रोसेस, पानाला ४० सेकंद, म्हणजे मिनिटाला १२ पानं. टेबलांवरून मिनिटाला अडीचच येतात. रांग जेवणाच्या सुट्टीपर्यंत कधी वीसच्या वर गेली नाही. वीस पानं म्हणजे १ जीबीसुद्धा नाही.

आयओस्टॅटमध्ये दिवसभर वाचन जवळपास शून्य. फक्त लिखाण. चार जीबीच्याच यंत्रावर, एक रुपया न घालता.

त्याच फेरीत ओसीआरचं यंत्र तपासणीसाठी जेपेगची प्रतही बनवतं, साधारण १ एमबीची. पान तारेवरून एकदाच जातं, दोन कामं होतात. तपासणीवाल्यांना आता जेपेगचंच फोल्डर दिसतं. ३०० छोट्या चित्रांना १४ जीबीऐवजी ३०० एमबी, तीन सेकंद. एखादं पान संशयास्पद वाटलं तर मूळ प्रत मागता येते, तो रस्ता ठेवला आहे.

१ जुलै, मंगळवार

विश्वस्तांची बैठक. बँडविड्थचा कागद असा नेला.

आत येणारं: तिन्ही टेबलांनी एकाच क्षणी सेव्ह केलं तर १३९ एमबी, म्हणजे सव्वा सेकंद. बाहेर जाणारं: ओसीआरचं सेकंदाला ९-१० एमबी, तेही त्याची रांग पूर्ण भरली असेल तेव्हाच, जेपेगचं किरकोळ. येणं आणि जाणं एकमेकांच्या वाटेत येत नाही, तार दोन्ही दिशांना एकदम चालते. दहा गिगाबिट आणलं तर ती सव्वा सेकंदाची गर्दी पाव सेकंदाच्याही आत उरकेल, पण पान डिस्कवर जाण्याचा वेळ तसाच राहणार. मागच्या डिस्कचा वेग दीडशे, पुढचा रस्ता बाराशेचा.

काका म्हणाले, "मग दोन पोर्ट जोडून तरी घ्यावेत का?" त्याचंही सांगितलं. एलएसीपीने (दोन पोर्ट एकत्र जोडायच्या पद्धतीने) दोन तारा बांधल्या तरी एका टेबलाची एक जोडणी एकाच तारेवरून जाते, तिचा वेग दुप्पट होत नाही. अनेक टेबलं असतील तर वाटून जातात. टेबलं सहा झाली की तेव्हा करू. आणि पुढेमागे अडीच गिगाबिट लागलं तर ते आहे त्या कॅट५ई तारेवर चालतं, भिंती फोडायची गरज नाही.

मेमरी: १६ जीबी मागितली. कारण असं. नेहमीच्या दिवशी १ जीबीही लागत नाही, पण ओसीआरचं यंत्र बिघडून दोन तास बंद राहिलं तर ३०० पानं साठतील, १४ जीबी. तेवढी कॅशमध्ये मावली तर यंत्र परत आल्यावर मागचं उरकताना टेबलांना झळ लागणार नाही. ६४ची गरज नाही.

मंजूर झालं. उरलेल्या पैशातून दुसऱ्या इमारतीत ठेवायच्या प्रतीसाठी डिस्क घ्यायचं बाईंनी सुचवलं, तेही मंजूर. मला याचा फार आनंद झाला.

६ जुलै, रविवार

आषाढी. वाचनालय बंद, खाली कुणीतरी रेडिओवर अभंग लावले होते. रॅम बसवली, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालवणार.

एक गोष्ट टिपून ठेवतो. एनएफएसला ओसीआरचं यंत्र आजवर ५२४२८८ बाइटच्या तुकड्यांनी वाचत होतं, मी माउंट करताना (शेअर जोडताना) १०४८५७६ लिहिलं तरी. याचं कारण सर्व्हरच्या मेमरीत आहे. एकेका धाग्याला एकूण रॅमच्या ४०९६व्या भागाहून मोठा तुकडा द्यायचा नाही असा कर्नलचा नियम. ४ जीबीचा ४०९६वा भाग बरोबर १ एमबी. पण कर्नल स्वतःसाठी थोडी राखून ठेवतो, उरते ४ जीबीला थोडी कमी, आणि तुकडा एकदम निम्म्यावर येतो. १६ जीबी लागताच १ एमबी झाला.

फरक किती पडला? आमच्या तारेवर मोजण्याइतका नाही. पडला तो दुसऱ्याच जागी. ओसीआरच्या यंत्राचं पुढचं-वाचून-ठेवणं, रीडअहेड, १२८ केबीवर होतं. कर्नल ५.४पासून एनएफएसला हाच मुळचा आकडा मिळतो. पूर्वी तो वाचनाच्या तुकड्याच्या पंधरापट असायचा. तो १५ एमबी केला. एका प्रोसेसचं सलग वाचन सेकंदाला ७४वरून १११ एमबी. लिनक्सच्या यूडेव्ह या सोयीत नियम लिहून तो आकडा कायम केला. एनएफएसचे धागे ८चे १६ करून पाहिले, काही बदललं नाही, पुन्हा ८ केले.

१५ जुलै, मंगळवार

आठ दिवसांची नोंद काढली. पान सेव्ह होऊन हिरवं व्हायला सरासरी १.१ सेकंद, सगळ्यात वाईट २.६. तो २.६ शुक्रवारी दुपारी आला, बाहेरच्या डिस्कवर प्रत काढणं चालू असताना. ते काम आता रात्री नऊला हलवलं आहे. अव्हेलेबल मेमरी १५ जीबीच्या खाली गेली नाही. शनिवारी दोनदा वीज गेली. पहिल्यांदा यूपीएसने धरलं. दुसऱ्यांदा अर्धा तास आली नाही, तेव्हा सर्व्हर नीट बंद झाला. शून्य बाइटची एकही फाईल नाही.

दुपारी तिसऱ्या टेबलाच्या ताईंनी १९३४चा तो खंड संपवला. शेवटचं पान हिरवं झाल्यावर बाईंनी खंड कापडात गुंडाळला आणि कोपऱ्याचं पाकीट त्याच्यातच ठेवलं. उद्या १९३५.